छायाचित्राखाली प्रकाशाचीही नोंद छापावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत छायाचित्रणाला नियमित जागा मिळते, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. अलीकडे तेथे कृत्रिम प्रकाशात टिपलेली काही व्यक्तिचित्रे प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यासोबत वायरलेस फ्लॅशच्या संचांविषयी माहिती देणारा लेखही आला. लेख उपयुक्त होता आणि छायाचित्रे देखणी होती. परंतु प्रत्येक छायाचित्राखाली छापलेली माहितीची ओळ वाचून माझी निराशा झाली, आणि मुख्यतः त्या ओळीसंबंधी हे पत्र लिहीत आहे. त्या ओळीत कॅमेऱ्याचे नाव होते, लेन्सचे नाव होते, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, होते. ज्या प्रकाशामुळे ते छायाचित्र घडले त्याच्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. फ्लॅश किती होते, ते कोठे ठेवले होते, चेहऱ्यापासून किती अंतरावर होते आणि प्रत्येकाची शक्ती किती होती, हे न कळता १/१६० सेकंद आणि एफ/८ एवढेच आकडे हाती आले, तर शिकू इच्छिणाऱ्या वाचकाला ते छायाचित्र पुन्हा उभे करून पाहता येणार नाही.

लेखाचा एकंदर सूर असा होता की तीन-चार फ्लॅश घ्यावेत, कॅमेऱ्यावर ट्रिगर (फ्लॅशना पेटण्याचा संकेत देणारे साधन) बसवावा, म्हणजे स्टुडिओसारखा प्रकाश हाती येतो. हा सूर मला काळजीचा वाटतो. वायरलेस यंत्रणेमुळे सुटला तो तारेचा प्रश्न. प्रकाश कोठून यावा, किती यावा आणि कोठे मुळीच येऊ नये, हे अजूनही छायाचित्रकारालाच ठरवावे लागते, आणि फ्लॅशची संख्या वाढत जाते तसे ते ठरवणे अधिकाधिक कठीण होत जाते. म्हणून संचातील दुसरा फ्लॅश पेटवण्यापूर्वी पहिल्याचे काम पूर्ण समजलेले असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्यायचाच कशासाठी, हे आधी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश लेन्सच्याच दिशेने जातो. त्यामुळे नाक, भुवया आणि गालाची हाडे यांच्या सावल्या त्यांच्या मागेच दडून राहतात आणि सावल्यांमुळे चेहऱ्याला जो उठाव येतो तो नाहीसा होतो. कार्यक्रमाच्या छायाचित्रांत पुढचा माणूस पांढराफटक आणि मागची रांग अंधारात असा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. डोळ्यांत दिसणारे लाल ठिपकेही फ्लॅश लेन्सच्या फार जवळ असल्यामुळेच येतात, कारण तेव्हा डोळ्याच्या आतील पडद्यावरून परतणारा प्रकाश सरळ लेन्समध्ये शिरतो. तोच फ्लॅश बाजूला, सुमारे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर नेला की नाकाची छोटी सावली गालाकडे उतरते, एक बाजू उजळ व दुसरी मंद होते, कापडाची वीण दिसू लागते. एवढा मोठा बदल एकाच फ्लॅशने घडतो, ही गोष्ट संच विकत घेण्याच्या उत्साहात विसरली जाते.

अनेक दिवे एकाच क्षणी पेटवण्याची गरज वायरलेसच्या कितीतरी आधीपासूनची आहे. १८८७ मध्ये जर्मनीत अडॉल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात पेटणारी फ्लॅश पावडर छायाचित्रणासाठी वापरात आणली. १९२९ च्या सुमारास काचेत बंद असलेले फ्लॅश बल्ब जर्मनीत बाजारात आले आणि धूर व आगीचा धोका कमी झाला. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा पेटू शकणाऱ्या विद्युत फ्लॅशला वेगवान छायाचित्रणाचे साधन बनवले. मला मात्र या संदर्भात नेहमी आठवतात ते ओ. विन्स्टन लिंक. या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची रात्रीची छायाचित्रे काढली. त्यांपैकी १९५६ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात मोटारींत बसून उघड्यावरचा चित्रपट पाहणारे लोक आणि मागून जाणारी गाडी एकत्र दिसतात. त्यासाठी ४३ फ्लॅश बल्ब एकाच वेळी पेटवण्यात आले. प्रत्येक बल्ब एकदाच पेटणारा, सगळे तारांनी जोडलेले, आणि धावती गाडी पुन्हा मागे घेता येणार नाही. अशा वेळी कोणत्या बल्बने काय उजळायचे हे अंधार पडण्याच्या आधीच ठरलेले असावे लागते. आज कॅमेऱ्याच्या पडद्यावर लगेच दिसणाऱ्या चित्रामुळे आपल्याला तेवढ्या पूर्वविचाराची सक्ती उरलेली नाही, पण त्याची गरज संपलेली नाही.

तारेची जागा घेणाऱ्या यंत्रणांचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखायला हवेत, कारण लेखात ते एकत्र मिसळले गेले आहेत. पहिला प्रकार प्रकाशावर चालतो. अगदी साध्या रूपात फ्लॅशमधील संवेदक दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहतो आणि स्वतः पेटतो. याचीच सुधारलेली आवृत्ती कॅननने १९९८ मध्ये ५५०ईएक्स या फ्लॅशसोबत आणि निकॉनने २००३ मध्ये आपल्या क्रिएटिव्ह लाइटिंग सिस्टिममध्ये आणली. यांत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छोट्या छोट्या चमकांच्या सांकेतिक भाषेत दूरच्या फ्लॅशच्या तीन गटांना हुकूम देतो. बंद खोलीत भिंती आणि छत यांवरून हा संकेत परावर्तित होत असल्यामुळे ही पद्धत चांगली चालते. भर उन्हात, खांबाआड किंवा सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे प्रकाश मृदू करणाऱ्या कापडी पेटीच्या, आत ठेवलेल्या फ्लॅशच्या बाबतीत ती दगा देते. साध्या संवेदकाची आणखी एक अडचण आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून शक्ती आपोआप ठरवण्याच्या पद्धतीवर, असेल, तर मुख्य चमकेच्या आधी तो मोजमापासाठी एक पूर्वचमक सोडतो. साधा संवेदक तिलाच उत्तर देऊन मोकळा होतो आणि शटर उघडते तेव्हा त्याच्याकडचा प्रकाश खर्च झालेला असतो. म्हणूनच कित्येक फ्लॅशवर एस१ आणि एस२ अशा दोन पद्धती दिलेल्या असतात, त्यांतील एस२ पूर्वचमकेकडे दुर्लक्ष करते.

दुसरा प्रकार रेडिओ लहरींचा. स्वतंत्र रेडिओ ट्रिगर पूर्वीपासून होते, पण त्यांतील बरेचसे केवळ पेटण्याचा हुकूम पोहोचवत. २०१२ मध्ये कॅननच्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्ये रेडिओ यंत्रणा अंगभूत आली. तिच्यात १५ पर्यंत फ्लॅश पाच गटांत विभागून सुमारे ३० मीटरपर्यंत नियंत्रित करता येतात. निकॉनने २०१६ मध्ये एसबी-५००० द्वारे तीच वाट धरली, आणि इतर उत्पादकांनी ही सोय सर्वांच्या आवाक्यात आणली. यांपैकी बहुतेक यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असल्यामुळे गर्दीच्या सभागृहात एखादा फ्लॅश मधूनच न पेटण्याचे कारण अनेकदा तेथे सापडते. चॅनेल बदलणे हा त्यावरचा पहिला उपाय. त्याखेरीज एकाच सभागृहात दोन छायाचित्रकार एकाच बनावटीची यंत्रणा एकाच चॅनेलवर वापरत असतील, तर एकाच्या बटणावर दुसऱ्याचे फ्लॅश पेटतात, दोघांच्याही चित्रांत नको तो प्रकाश येतो आणि ऐन वेळी फ्लॅश पुन्हा भरून तयार नसतो. चॅनेलसोबत ओळख क्रमांक, म्हणजे आयडी, लावण्याची सोय याचसाठी असते. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी उपस्थित छायाचित्रकारांनी एकमेकांना चॅनेल विचारून घेणे ही व्यावसायिक सभ्यतेची गोष्ट आहे, आणि ती अजून पुरेशी रुजलेली नाही याचे मला वाईट वाटते.

गटांची सोय ही रेडिओ यंत्रणेची खरी देणगी आहे. उंच स्टँडवरील किंवा सोफ्यामागे लपवलेल्या फ्लॅशपर्यंत न जाता हातातील ट्रान्समीटरवरून त्याची शक्ती अर्ध्या स्टॉपने कमी करता येते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). परंतु याच सोयीमुळे एक चुकीची सवय लागते: प्रकाश कमी-जास्त झाला की छायाचित्रकार बटण फिरवतो आणि फ्लॅश होता तेथेच राहतो. वस्तुतः फ्लॅशचे अंतर बदलणे आणि त्याची शक्ती बदलणे या दोन गोष्टींचा परिणाम सारखा नसतो. बहुविध फ्लॅशच्या साऱ्या विद्येत मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहितो.

छोट्या दिव्यापासून मिळणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजेच दोन स्टॉपने कमी होतो. समजा, काही माणसे एका रांगेत उभी आहेत आणि फ्लॅश बाजूला, पहिल्या माणसापासून एक मीटरवर आहे. शेवटचा माणूस त्याच फ्लॅशपासून दोन मीटरवर असेल, तर दोघांच्या चेहऱ्यांवरील प्रकाशात पूर्ण दोन स्टॉपचा फरक पडेल. शक्तीचे बटण कितीही फिरवले तरी हा फरक जाणार नाही, कारण दोघेही सारख्याच प्रमाणात उजळतील किंवा अंधारतील. आता तोच फ्लॅश मागे नेऊन पहिल्या माणसापासून चार मीटरवर ठेवा. शेवटचा माणूस पाच मीटरवर येतो आणि फरक सुमारे दोन तृतीयांश स्टॉपवर येतो, जो डोळ्याला फारसा खुपत नाही. याची किंमतही मोजावी लागते: एक मीटरवर १/१६ शक्ती पुरत होती, तेथे चार मीटरवर पूर्ण शक्ती लागेल, कारण प्रकाश सोळापट हवा. शिवाय फ्लॅशला लावलेली, प्रकाश पसरवणारी छत्री तीच राहून लांब गेल्यामुळे चेहऱ्याच्या दृष्टीने ती लहान होते आणि सावल्यांच्या कडा कठोर होतात. मृदू प्रकाश हवा असेल तर मोठी छत्री आणावी लागते.

हाच नियम पार्श्वभूमीलाही लागू आहे. फ्लॅश चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत फ्लॅशपासून तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांश प्रकाश पडतो. तीन स्टॉपहून अधिक फरकामुळे पांढरी भिंतही गडद राखाडी दिसते. माणूस आणि भिंत तेथेच ठेवून फ्लॅश चेहऱ्यापासून तीन मीटरवर नेला, की भिंत फ्लॅशपासून पाच मीटरवर येते, फरक सुमारे दीड स्टॉपवर घसरतो आणि भिंत उजळ दिसू लागते. म्हणजे पार्श्वभूमीसाठी वेगळा फ्लॅश लावावा असे ज्या ठिकाणी वाटते, तेथे पुष्कळदा आहे तोच फ्लॅश हलवून काम होते. मी स्वतः दुसरा स्टँड उघडण्याच्या आधी पहिला एकदा पुढे आणि एकदा मागे नेऊन पाहतो, आणि त्यानंतर दुसऱ्याची गरज बऱ्याच वेळा उरत नाही.

केवळ जास्त प्रकाश हवा म्हणून फ्लॅश वाढवणे हा मार्ग लवकर खुंटतो, हेही लेखात यायला हवे होते. एकाच अंतरावरून एकाच दिशेने दोन सारखे फ्लॅश सोडले तर एक स्टॉप मिळतो. आणखी एक स्टॉप हवा तर चार, आणि तिसऱ्यासाठी आठ. दोन फ्लॅश एका छत्रीत लावण्याचा खरा फायदा वेगळा आहे. दोन्ही अर्ध्या शक्तीवर चालवले तर पूर्ण शक्तीच्या एका फ्लॅशएवढाच प्रकाश मिळतो, पण ते लवकर भरून तयार होतात, कमी तापतात आणि चमक अधिक अल्पजीवी असते. शेवटचा मुद्दा वेगवान हालचाल गोठवणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. पूर्ण शक्तीवर कित्येक स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान फ्लॅशची, चमक १/३०० ते १/१००० सेकंद टिकते, तर १/१२८ शक्तीवर ती १/२०,००० सेकंदाहूनही कमी काळ टिकते. पाण्याचा उसळता थेंब किंवा पक्ष्याचे पंख टिपताना शटरपेक्षा ही चमकच हालचाल थांबवते. त्यामुळे तेथे १/८ शक्तीच्या एका फ्लॅशऐवजी १/३२ शक्तीचे चार फ्लॅश जवळजवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते: प्रकाश तितकाच, पण हालचाल अधिक स्वच्छ गोठलेली. अनेक फ्लॅश घेण्याचे मला पटणारे हे एक सबळ कारण आहे.

आता व्यक्तिचित्रात फ्लॅश एकेक करून कसे जोडावेत याविषयी. सर्वप्रथम सगळे फ्लॅश बंद ठेवून एक चित्र काढावे, म्हणजे खोलीतला किंवा आकाशाचा प्रकाश किती येतो ते कळते. सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत वापरता येणाऱ्या शटरच्या कमाल वेगाच्या, मर्यादेत शटरचा वेग बदलला तर हा सभोवतालचा प्रकाश बदलतो, फ्लॅशचा बदलत नाही. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्हींवर परिणाम करतात. सभोवतालचा प्रकाश किती ठेवायचा हे ठरल्यावर फक्त मुख्य फ्लॅश लावावा आणि नाकाच्या सावलीकडे व डोळ्यांतील चमकेकडे पाहत त्याची जागा पक्की करावी. चश्मा असेल तर काचेत फ्लॅश दिसतो का ते आत्ताच पाहावे; आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हा शाळेत शिकलेला नियम येथे उपयोगी पडतो, आणि बहुधा फ्लॅश थोडा वर किंवा बाजूला सरकवला की चमक निघून जाते. त्यानंतरच प्रश्न विचारावा की सावलीची बाजू जास्त काळी वाटते का. वाटत असेल तर पूरक प्रकाश हवा, पण तो फ्लॅशचाच हवा असे नाही. पांढरा फलक पुष्कळदा अधिक सुंदर काम करतो. पूरक फ्लॅश लावलाच, तर तो कॅमेऱ्याच्या जवळ आणि मुख्य प्रकाशापेक्षा दीड-दोन स्टॉपने कमी ठेवावा.

येथे जी चूक सर्वाधिक वेळा दिसते ती सांगणे मला आवश्यक वाटते. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन फ्लॅश समान शक्तीने चेहऱ्यावर रोखले, की नाकाला दोन सावल्या पडतात. आकाशात सूर्य एकच असल्यामुळे दोन सावल्यांचा चेहरा पाहणाऱ्याला, कारण न सांगता येताही, खोटा वाटतो. दोन माणसे एकाच वेळी मोठ्याने बोलू लागली की एकाचेही ऐकू येत नाही, तसा हा प्रकार आहे. एका फ्लॅशने पुढाकार घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी, हे ज्याला जमले त्याला चार फ्लॅशही सांभाळता येतील.

केस पार्श्वभूमीपासून सुटे दिसावेत म्हणून मागून लावला जाणारा कडेचा फ्लॅश हा तिसऱ्या क्रमांकावर येतो. त्याचे तोंड अंशतः कॅमेऱ्याकडे असल्यामुळे त्याचा प्रकाश थेट लेन्समध्ये शिरून चित्र धुरकट होण्याची शक्यता असते. त्याला ग्रिड, म्हणजे प्रकाशाचा झोत अरुंद करणारी जाळी, लावावी किंवा लेन्स आणि फ्लॅश यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरावा. तपासणी करताना इतर सर्व गट बंद करून हा एकटा फ्लॅश पेटवून पाहावा. तो एकटा कोठे पडतो हे पाहिले की नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर नको असलेला पांढरा डाग लगेच लक्षात येतो; सर्व फ्लॅश एकत्र पेटवल्यावर तो डाग कोणाचा हे शोधणे अवघड असते. गटांना अक्षरे देतानाही फ्लॅशच्या मॉडेलप्रमाणे न देता कामाप्रमाणे द्यावीत: अ मुख्य, ब पूरक, क कडेचा. ही व्यवस्था दर वेळी तीच ठेवली की घाईत बोट चुकत नाही.

टीटीएल की मॅन्युअल (शक्ती हाताने ठरवणे) हा वाद लेखाने टीटीएलच्या बाजूने एका वाक्यात निकालात काढला आहे. माणूस आणि फ्लॅश दोन्ही जागेवर स्थिर असतील तर मॅन्युअलच योग्य, असे मी म्हणेन. टीटीएल दर चित्रापूर्वी नव्याने मोजते. चौकटीत पांढरा पोशाख अधिक आला की प्रकाश कमी करते, काळा आला की वाढवते, आणि मग एकाच बैठकीतील दहा चित्रे दहा उजेडांत येतात. अंतर क्षणोक्षणी बदलत असेल, उदाहरणार्थ चालत्या माणसासोबत सहायकाने फ्लॅश हातात धरला असेल, तर टीटीएलला पर्याय नाही.

सिंक वेगासंबंधी थोडेच लिहितो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापलीकडे शटरचा पडदा संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडत नाही आणि चित्रात काळा पट्टा येतो. साध्या ट्रिगरमध्ये संकेत पोहोचायला किंचित उशीर होत असल्यामुळे कधी कधी १/१६० वर यावे लागते. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश अतिवेगाने लुकलुकत राहून ही मर्यादा ओलांडतो, पण त्यात दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक प्रकाश गमवावा लागतो. भर दुपारी लहान स्पीडलाइटला ते परवडत नाही. तेव्हा सिंक वेगावरच राहून लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच, लावणे हा एक पर्याय असतो, मात्र तो फ्लॅशचा प्रकाशही तितकाच अडवतो हे ध्यानात ठेवावे.

रंगाचा विषय लेखात आलाच नाही. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा असतो, तर जुन्या पद्धतीच्या टंगस्टन दिव्यांचा सुमारे २७०० ते ३२०० केल्विनचा, पिवळसर. अशा खोलीत फ्लॅश जसाच्या तसा वापरला तर चेहरा एका रंगात आणि मागची खोली दुसऱ्याच रंगात येते. फ्लॅशवर सीटीओ जेल, म्हणजे नारिंगी पारदर्शक कागद, लावून दोन्ही जुळवता येतात. वेगवेगळ्या बनावटींचे फ्लॅश एकत्र वापरणाऱ्यांनी प्रत्येकाचा रंग पांढऱ्या कागदावर एकदा पडताळून पाहावा, कारण थोडाफार फरक असतोच.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. छत्री लावलेला स्टँड वाऱ्याच्या एका झुळकीने आडवा होतो. बाहेर काम करताना त्याच्या पायावर वाळूची पिशवी किंवा शेजारी माणूस असलाच पाहिजे, विशेषतः मुले वावरत असतील तेथे. जुने फ्लॅश हौसेने वायरलेस संचात सामील करून घेणाऱ्यांनी त्यांचा ट्रिगर व्होल्टेज तपासावा, कारण काही जुन्या मॉडेलमध्ये तो २०० व्होल्टहून अधिक असतो आणि आजच्या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर, बसवल्यास कॅमेरा निकामी होऊ शकतो. बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नये. सेल काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. आणि लागोपाठ लुकलुकणारा प्रकाश काही व्यक्तींमध्ये अपस्माराचा झटका आणू शकतो, म्हणून मल्टी पद्धतीने, म्हणजे एकाच चित्रात अनेक चमका सोडत, किंवा झपाट्याने फ्लॅश उडवण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीला विचारणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्यच आहे.

आता मूळ विनंतीकडे येतो. पुरवणीत फ्लॅश वापरून काढलेले छायाचित्र छापताना कॅमेरा व लेन्ससोबत प्रकाशाचीही एक ओळ छापावी. ती फार जागा घेणार नाही. उदाहरणार्थ: "मुख्य फ्लॅश व्यक्तीच्या डावीकडे, डोळ्यांच्या वर, छत्रीतून, दीड मीटरवर, शक्ती १/८, उजवीकडे पांढरा फलक, कडेचा फ्लॅश मागे उजवीकडे, ग्रिडसह, दोन मीटरवर, शक्ती १/३२, खोलीतला प्रकाश दोन स्टॉप खाली." एवढ्यावरून कोणताही वाचक, कोणत्याही बनावटीच्या साधनांनी, तो प्रकाश स्वतः उभा करून पाहू शकतो, आणि कॅमेऱ्याचे नाव गाळले तरी त्याचे काही अडत नाही. ज्या आठवड्यात जागा मोकळी असेल त्या आठवड्यात एकच चौकट तीनदा छापावी: केवळ सभोवतालच्या प्रकाशात, मग केवळ मुख्य फ्लॅशवर, आणि शेवटी सर्व फ्लॅशसह. वाचकांकडून छायाचित्रे मागवताना ही नोंद सोबत पाठवण्याची अट घातली, तर पाठवणाऱ्यालाही फ्लॅश उचलण्यापूर्वी मोजपट्टी हातात घ्यावी लागेल. यापुढे मी आपल्याकडे पाठवीन त्या प्रत्येक छायाचित्रासोबत अशी नोंद असेल.

आपला नम्र,
एक छायाचित्रकार वाचक